शेतातल्या सामानातून दिवाळीच्या सुट्टीची कारागिरी: खानदेशातील घरांसाठी सविस्तर मार्गदर्शन

शरद ऋतूतील सुट्टीत मुलांबरोबर काय करावे असे इंटरनेटवर शोधले, तर लाल-पिवळ्या गळालेल्या पानांच्या माळा आणि कोरलेल्या भोपळ्यांचे दिवे भराभर समोर येतात. खानदेशात आश्विन-कार्तिकात पाने गळत नाहीत. आपली पानगळ शिशिरातली. मात्र याच दिवसांत आपल्या शिवारात दुसरेच सामान मुबलक असते. कपाशीची वेचणी चालू असते, खरिपाच्या ज्वारीची कापणी होऊन तिची ताटे, म्हणजे धांडे, बांधावर येतात, मका सोलला जातो, आणि रावेर, यावल, चोपडा, शहादा या तापीच्या पट्ट्यात घड उतरवलेल्या केळीच्या खोडांना वाळलेली सोपटे, म्हणजे खोडावरची आवरणे, लोंबत असतात. पुढे सांगितलेल्या वस्तू याच सामानातून होतात. आकाशकंदिलासाठी मात्र बांबूच्या कामट्या आणि पतंगाचा कागद विकत आणावा लागतो.

या कामात बहुतेक घरे चुकतात ती हातात कसब नाही म्हणून नव्हे, तर सामान ओले असते म्हणून. धनत्रयोदशीच्या आदल्या संध्याकाळी धांडे आणून खेळण्यातली बैलगाडी करायला बसले, की धांड्याच्या गाभ्याला, म्हणजे भेंडाला, भोक पडत नाही, वरचे सालपट सुटत नाही आणि मुले तासाभरात उठून जातात. म्हणून ज्याला वाळायला वेळ लागतो ते आधी आणावे, हा एकच क्रम पाळावा. सुट्टीच्या पहिल्या दिवशी शेतात जाऊन धांडे, मक्याची कणसे आणि सोपटे आणावीत. ती वाळत असताना घरात कापसाच्या वाती वळाव्यात. चौथ्या-पाचव्या दिवशी सोपटाची वेणी घालावी, त्यानंतर गाडी करावी, आणि आकाशकंदील वसुबारसेच्या आदल्या दिवशी टांगण्याजोगा व्हावा. परतीच्या पावसाचा भरवसा नसतो, त्यामुळे वाळत घातलेले सामान रात्री ओसरीत किंवा पडवीत घेणे विसरू नये.

शेतातून सामान आणताना

ज्वारीचे धांडे अंगठ्याएवढे जाड, सरळ आणि लांब कांड्यांचे निवडावेत. रब्बीची दादर ज्वारी या सुमारास नुकती पेरलेली असते किंवा पेरायची असते, त्यामुळे धांडे मिळतात ते खरिपाच्या ज्वारीचेच. एका गाडीला आणि बैलजोडीला सात-आठ धांडे पुरतात, पण शिकताना निम्मे मोडतात हे गृहीत धरून पंधरा आणावेत. ते कडक उन्हात टाकू नयेत. एकदम वाळलेला धांडा उभा तडकतो. छपराखाली, वारा लागेल अशा जागी भिंतीला टेकवून पाच ते सहा दिवस ठेवावेत. ओलसर धांड्यांची मोळी बांधून कोपऱ्यात ठेवली, तर आतले भेंड काळे पडून कुबट वास येतो. पहिल्या वर्षी आमच्या घरी सगळे धांडे याच कारणाने गुरांपुढेही न टाकता उकिरड्यावर गेले.

मक्याची दाणे काढलेली तीन-चार कणसे मात्र खुशाल उन्हात वाळवावीत. ती गाडीच्या चाकांना लागतात.

केळीची सोपटे खोडावर आपोआप वाळलेली, तपकिरी आणि कागदासारखी वाजणारी घ्यावीत. हिरवट सोपट ओढून काढू नये. केळीच्या चिकाचा डाग कपड्यावर पडला की धुऊन जात नाही, म्हणून या फेरीला मुलांना जुनेच कपडे घालावेत. सोपटांच्या आत विंचू, गोम किंवा कोळी असू शकतात, तेव्हा ती मोठ्या माणसाने काठीने झटकून मगच मुलांच्या हातात द्यावीत. कपाशीत जायचे असेल, तर शेतमालकाला अलीकडे फवारणी झाली आहे का हे आधी विचारावे, आणि घरी आल्यावर सर्वांनी हात साबणाने धुवावेत.

कापसाच्या वाती आणि वस्त्रे

हे काम आजीच्या हाताखाली करावे. ज्या घरात आजी नाही, तिथे शेजारच्या आजींना बोलावण्यास हरकत नाही. वात वळणे पाहूनच येते.

बोंडातून काढलेला कापूस घेऊन आधी सरकी वेगळी करावी. चार-पाच वर्षांच्या मुलांना सरकी काढण्याचे काम फार आवडते आणि ते त्यांना जमतेही. प्रत्येक पाकळीत सरकीचे दाणे एकमेकांना चिकटून ओळीने बसलेले असतात, ते चिमटीत धरून कापूस हलकेच ओढायचा. नंतर कापूस दोन्ही हातांनी विंचरल्यासारखा मोकळा करावा. त्यात गाठ राहिली, तर वात तिथे जाड होते आणि तेल वर चढताना अडते.

फुलवातीसाठी बोराएवढा कापूस तळहातावर पसरून त्याची गोल चकती करावी, तिच्या मधोमध चिमूट धरून वर ओढावी आणि ते टोक दोन बोटांत पीळ देऊन अणकुचीदार करावे. लांब वातीसाठी कापसाची बोटभर रुंद पट्टी ओढून ती मांडीवर किंवा पाटावर तळहाताने एकाच दिशेने वळावी. हात पुढे-मागे फिरवला की आलेला पीळ उलगडतो, ही मुलांची नेहमीची चूक. बोटे घसरत असतील, तर त्यांना चिमूटभर राख लावावी. वस्त्रमाळ करताना कापसाची पातळ, लांब पट्टी ओढून दर दोन बोटांवर पाण्याच्या बोटाने पीळ द्यावा आणि त्या पिळावर ओले कुंकू टेकवावे. दोन पिळांमधला कापूस फुगीर राहिला, की माळ साधली असे समजावे. पाच दिवसांच्या पूजेला आणि पणत्यांना पुरतील एवढ्या वाती दोन दुपारींत होतात.

केळीच्या सोपटाची गोल चटई

तांब्याखाली किंवा गरम भांड्याखाली ठेवायला ही चटई वर्षभर कामी येते. रचना चुंबळीसारखीच असते, फक्त ती सपाट ठेवून मधले भोक बंद करायचे.

वाळलेली सोपटे ओल्या फडक्याने पुसून उभ्या, साधारण दोन सेंटिमीटर रुंदीच्या पट्ट्यांत फाडावीत. ती सरळ रेषेत आपोआप फाटतात, कात्री लागत नाही. पट्ट्या ओल्या पंच्यात गुंडाळून अर्धा तास ठेवाव्यात, म्हणजे त्या मऊ होतात. पाण्यात बुडवून ठेवू नयेत, कारण फुगलेली पट्टी वाळल्यावर आकसते आणि वेणी सैल पडते. तीन पट्ट्या एका टोकाला सुतळीने बांधून खिळ्याला अडकवाव्यात आणि केसांची घालतात तशी तिपेडी वेणी घालत जावी. पट्टी संपत आली की नवी पट्टी तिच्यावर चार बोटे चढवून दोन्ही एकत्र गुंफाव्यात. तीनही पेडांचे जोड एकाच जागी येऊ देऊ नयेत, म्हणून सुरुवातीलाच एक पट्टी लांब, एक मध्यम आणि एक आखूड घेतल्यास पुढचे सगळे जोड आपोआप मागेपुढे पडतात.

पंधरा सेंटिमीटर व्यासाच्या चटईला एक सेंटिमीटर रुंदीची वेणी जवळपास दोन मीटर लागते. दहा-बारा वर्षांच्या मुलाला हा हिशेब वर्तुळाच्या क्षेत्रफळावरून स्वतः काढू द्यावा. वेणी तयार झाली की तिचे एक टोक मध्यभागी धरून ती पाटावर सपाट गुंडाळत जावी आणि प्रत्येक फेरा आधीच्या फेऱ्याला दाभणाने व जाड दोऱ्याने, दर दोन सेंटिमीटरवर टाका घेत, जोडावा. दोरा फार ओढला, तर चटई मध्ये फुगून वाटीसारखी होते. तसे झालेच, तर तिला उपडे करून रात्रभर वरवंट्याखाली दाबून ठेवावे. निम्म्या चटया तरीही थोड्या वाकड्या राहतात, आणि तांब्याला त्याने काही फरक पडत नाही.

ज्वारीच्या धांड्याची बैलगाडी

खानदेशातील आजोबांच्या पिढीने ही गाडी दातांनी धांडा सोलून केलेली आहे. पद्धत विसरलेली नसते. धांडा हातात दिला की बोटांना आठवते. म्हणून हे प्रकरण वाचून दाखवण्यापेक्षा आधी आजोबांना विचारावे आणि अडेल तिथेच इथली मापे घ्यावीत.

धांड्याचे वरचे कडक आवरण म्हणजे सालपट आणि आतला पांढरा, हलका गाभा म्हणजे भेंड. भेंड गाडीचे लाकूड होते आणि सालपटाच्या काड्या खिळे होतात. सोलण्यापूर्वी एवढे लक्षात ठेवावे, की सालपटाची कड ब्लेडसारखी कापते. पेराजवळ सालपट सुरीने उचलून देण्याचे काम मोठ्यांनी करावे, आणि मुलांनी ते बोटांना फडके गुंडाळून खाली ओढावे.

प्रत्येक धांडा पेरापाशी कापून कांडी वेगळी करावीत. सालपटे तीन-चार मिलिमीटर रुंदीच्या पट्ट्यांनी सोलून एका ताटात जमा करावीत, टाकू नयेत. सोललेल्या भेंडांपैकी वीस सेंटिमीटर लांबीची दोन सरळ भेंडे गाडीच्या दांड्या म्हणून निवडावीत. त्या जमिनीवर अशा मांडाव्यात, की मागे त्यांच्यात सात सेंटिमीटर अंतर राहील आणि पुढे त्या तीन सेंटिमीटरवर येतील. आता मागच्या दहा सेंटिमीटरांत दर दोन सेंटिमीटरवर एक याप्रमाणे सालपटाच्या सहा आडव्या काड्या दोन्ही दांड्यांतून आरपार घालाव्यात, म्हणजे साटा, गाडीची बैठक, तयार होतो. काडीचे टोक तिरके कापून अणकुचीदार करावे आणि भेंडाला आधी दाभणाने भोक पाडून घ्यावे. भोक न पाडता काडी खुपसली की भेंड उभे फाटते. काड्या दोन्ही बाजूंना अर्धा सेंटिमीटर बाहेर राहू द्याव्यात.

साट्याच्या कडेने दांड्यांवर चार सेंटिमीटर उंचीच्या सालपटाच्या काड्या उभ्या रोवून त्यांच्या वरच्या टोकांवर भेंडाचा एकेक लांब तुकडा दाबून बसवावा. पुढच्या टोकाला, दांड्यांवर आडवे, बारा सेंटिमीटरचे भेंड म्हणजे जू. ते बाभळीच्या काट्याने दोन्ही दांड्यांना टोचून पक्के करावे. काटा नसेल, तर टाचणी चालते, पण टाचणी मुलांच्या पायात जाते आणि काटा निदान दिसतो, असे माझे मत आहे.

चाकांसाठी मक्याच्या वाळक्या कणसाच्या दीड सेंटिमीटर जाडीच्या चकत्या कराव्यात. कणसाला सुरी चालवली की ते चुरते, म्हणून लोखंड कापायची बारीक दातांची करवत वापरावी, आणि हे काम मोठ्यांनीच करावे. चकतीच्या मधोमध मऊ गाभा असतो, त्यातून दाभण सहज आरपार जाते. धांड्याच्या कामात मक्याचे कणीस घ्यायचे ते याचसाठी. साट्याच्या खाली, मध्याच्या किंचित मागे, प्रत्येक दांडीला दोन सेंटिमीटरचा भेंडाचा ठोकळा काट्याने लावावा. दोन्ही ठोकळ्यांतून खराट्याची चौदा सेंटिमीटरची ताठ काडी घालावी, हा आख. त्याच्या दोन्ही टोकांवर चाके चढवून बाहेरून भेंडाचा लहान तुकडा अडसर म्हणून खोचावा. चाकाचे भोक आखापेक्षा थोडे मोठे असावे, म्हणजे चाक फिरते. दोन्ही चाके एकाच व्यासाची नसतील, तर गाडी सतत एका अंगाला वळते; तेव्हा चकत्या एकाच कणसाच्या जाड भागातून, एकामागोमाग कापाव्यात.

बैल सोपे आहेत. सहा सेंटिमीटरचे जाड भेंड धड, त्याला सालपटाचे चार पाय, पुढे तिरके खोचलेले दोन सेंटिमीटरचे मानेचे भेंड, त्यावर डोक्याचा छोटा तुकडा, आणि वाकवलेल्या सालपटाची शिंगे. सालपट वाकवताना मोडत असेल, तर ते तोंडाच्या वाफेवर किंवा ओल्या फडक्यात थोडा वेळ मऊ करावे. शिंगांना गेरू लावला आणि गळ्यात रंगीत लोकरीचा गोंडा बांधला, की पोळ्याचीच जोडी वाटते. जू बैलांच्या मानेवर टेकवून दोऱ्याने सैल बांधावे. घट्ट बांधल्यास मान तुटते.

ही गाडी पाडव्याच्या सजावटीत ठेवायची असेल, तर जळत्या पणतीपासून निदान हातभर लांब ठेवावी. वाळलेले भेंड ठिणगीने क्षणात पेट घेते. सोपटाचेही तसेच.

बांबूचा आकाशकंदील

या कंदिलाला चोवीस सारख्या काड्या लागतात, त्यांचे सहा चौकोन आणि आठ त्रिकोण होतात, आणि एकाच मापाने सगळे काम भागते. त्यामुळे मुलांना मोजायला, कापायला आणि बांधायला हा चांदणीच्या आकारापेक्षा सोपा जातो.

बुरुडाकडून किंवा बाजारातून अर्धा सेंटिमीटर रुंदीच्या कामट्या आणाव्यात आणि कडा सँडपेपरने घासून घ्याव्यात. बावीस सेंटिमीटरचे चोवीस तुकडे कापून प्रत्येकाच्या दोन्ही टोकांपासून एक सेंटिमीटर आत पेन्सिलीने खूण करावी. खुणेवर खूण ठेवून बांधले, की बाजू बरोबर वीस सेंटिमीटरची होते. मोडतोड धरून सात मीटर कामटी असू द्यावी.

पहिल्यांदा सोळा तुकड्यांचे चार चौकोन बांधावेत. दोरा सुती आणि जाड घ्यावा, प्रत्येक कोपऱ्याला फुलीच्या आकारात चार-पाच वेढे देऊन गाठ मारावी. चौकोन तिरका झाला आहे का हे डोळ्यांनी कळत नाही, म्हणून दोन्ही कर्ण मोजावेत. ते २८ सेंटिमीटरच्या किंचित वर आणि एकसारखे यायला हवेत. ते जुळले, की दोन्ही कर्णांवर दोरा ताणून बांधून टाकावा. हा दोरा पुष्कळ जण गाळतात आणि मग सांगाडा डुगडुगतो. त्रिकोण आपोआप ताठ राहतो, चौकोन राहत नाही, हे मुलांना हाताने हलवून बघू द्यावे.

आता चारही चौकोन टोकावर उभे करावेत, पतंगासारखे. शेजारच्या चौकोनांचे आडवे कोपरे एकमेकांना बांधत गेले, की चार चौकोनांचे कडे होते. उरलेल्या आठ तुकड्यांपैकी चार तुकडे वरच्या चार टोकांना जोडावेत, तिथे पाचवा चौकोन होतो. चार खालच्या टोकांना जोडावेत, तो सहावा. यांच्या मधल्या जागा आपोआप त्रिकोणी होतात. वरच्या चौकोनाच्या कर्णांवर दोऱ्याऐवजी बारीक तार बांधावी, म्हणजे बल्बचा होल्डर तिला अडकवता येतो. खालच्या चौकोनालाही दोऱ्याची फुली द्यावी. एकाने सांगाडा धरायचा आणि दुसऱ्याने बांधायचे, असे दोघांचे हे काम आहे. एकट्याने करणाऱ्याचा संयम पाचव्या चौकोनापाशी संपतो.

कागद चिकटवायची खळ घरीच करावी. दोन मोठे चमचे मैदा एक वाटी थंड पाण्यात गुठळी न राहता कालवून मंद आचेवर सतत ढवळत राहावे; मिश्रण दाट आणि थोडे पारदर्शक झाले की उतरवून गार करावे. आपल्याकडच्या ऑक्टोबरच्या उष्म्यात ती दुसऱ्या दिवशी आंबते, म्हणून लागेल तेवढीच करावी.

पतंगाच्या कागदाचे चार चौकोन बावीस सेंटिमीटर बाजूचे आणि आठ त्रिकोण साडेतेवीस सेंटिमीटर बाजूचे कापावेत. एवढे कागद घेतल्यावर सगळीकडे एक सेंटिमीटरची कड दुमडायला मिळते. आधी त्रिकोण चिकटवावेत, नंतर चौकोन, म्हणजे चौकोनांच्या कडांखाली त्रिकोणांचे जोड झाकले जातात. कागद सुरकुती न पडेल इतपतच ओढावा, कारण खळ वाळताना तो स्वतःच ताणला जातो, आणि आधीच ताणलेला कागद रात्रीतून मध्येच फाटतो. वरचा आणि खालचा चौकोन उघडा ठेवावा, म्हणजे उष्णता बाहेर जाते. त्रिकोणांना गडद आणि चौकोनांना फिकट रंग घेतला, तर प्रकाश चौकोनांतून पडतो आणि आकार लांबून उठून दिसतो. दोन्ही गडद घेतले की कंदील दिवसा सुंदर आणि रात्री अंधारा दिसतो.

झिरमिळ्यांचे काम घरातल्या सर्वांत लहान मुलाला द्यावे. कागदाच्या तीन सेंटिमीटर रुंदीच्या पट्ट्या अर्ध्या मीटरच्या लांबीत कापून खालच्या चौकोनाला चिकटवायच्या. त्या कमीजास्त झाल्या तरी चालते.

आत पाच ते सात वॅटचा एलईडी बल्ब लावावा. मेणबत्ती किंवा पणती ठेवू नये. वायरचा उघडा जोड राहू देऊ नये, कारण दिवाळीत पाऊस झाला तर गच्चीवरचा कंदील भिजतो. टांगताना दोरी वरच्या चौकोनाच्या चारही कोपऱ्यांतून घ्यावी, केवळ तारेतून नव्हे.

पणत्या आणि तोरण

घरच्या काळ्या मातीच्या पणत्या करण्याचा मोह टाळावा. कपाशीची ही जमीन ओली असताना फुगते आणि वाळताना आकसते, तेव्हा शेताला पडतात तशाच भेगा पणतीलाही पडतात. कुंभाराकडच्या भाजलेल्या पणत्या आणून त्या पाच-सहा तास पाण्यात भिजवाव्यात, म्हणजे त्या तेल कमी पितात. चांगल्या वाळल्यावर बाहेरून गेरूचा हात द्यावा आणि पाण्यात कालवलेल्या चुन्यात बुडवलेल्या काडीने ठिपके काढावेत. चुना मुलांच्या हाताला लागू देऊ नये. त्यांना पांढरा पोस्टर रंग द्यावा. आतल्या बाजूला आणि वातीच्या चोचीला रंग लावू नये.

झेंडूचे तोरण शेवटच्या दिवशी करावे. दाराच्या रुंदीपेक्षा वीतभर लांब दोरा घेऊन दोन फुलांमागे एक आंब्याचे पान, एवढे पुरे. फुले देठाच्या बाजूने ओवली तर ती खाली तोंड करून लटकतात. मधोमध आडवी ओवली तर समोर पाहतात.

दिवाळीनंतर

तुळशीच्या लग्नापर्यंत कंदील राहू द्यावा. उतरवल्यावर कागद ओल्या फडक्याने भिजवून सोलून काढावा, खळीचा अंश पुसावा आणि सांगाडा उन्हात वाळवून माळ्यावर टांगावा. खळ राहिली तर झुरळे लागतात. बांबू नीट वाळलेला असेल, तर तोच सांगाडा पुढच्या वर्षी नुसते दोरे बदलून वापरता येतो. धांड्याची गाडी एवढी टिकत नाही. संक्रांतीपर्यंत तिच्या भेंडाला बारीक भोके पडू लागली, की किडा लागला असे समजून ती चुलीत घालावी आणि मक्याची चाके तेवढी काढून ठेवावीत.